शेवंतीची मुकादमकी

माझ्या थोरल्या नातीचे कान टोचले, त्या वर्षीची ही गोष्ट. दुपारी पेज जेवून पडवीत आडवी झालेय. सून लता आत भांडी घासतेय. काजूच्या कारखान्यात तिला मुकादम करतायत, उद्या हो की नाही ते सांगायचंय. काय करू, असं तिनं मला विचारलंय. डोळे जड होतात. भांड्यांचा आवाज लांब जातो, त्याची काजू फोडण्याची टकटक होते.

पडवी आता कारखाना आहे. टेबलं लांब लांब मांडलीयत, मधून खाडीचं पाणी वाहतंय. पलीकडे शेवंती एकटीच जेवतेय. ती गेलेली आहे हे मला ठाऊक आहे, तरी नवल वाटत नाही.

पूर्वी आम्ही सगळ्या एका टेबलाला असायचो. टरफलाच्या तेलानं जिचे हात भाजले असतील तिची मजुरी बुडू नये म्हणून तिच्या ढिगात प्रत्येकीनं मूठभर गर सारायचा, ही आमची रीत. नवा मॅनेजर आला. त्यानं प्रत्येकीला वेगळा डबा दिला, बोलायला बंदी केली. शेवंतीला मुकादम केलं आणि कोण बोलतं, कोण मूठ सारतं ते सांगायला लावलं. तिला बघून बाया गप्प व्हायच्या. पुढे ती नसतानाही गप्पच. अख्ख्या गरात तुकडे मिसळलेले दिसले तरी कुणी सांगेना. आपलं काय जातंय.

मी पाण्यातून चालत जाते. पाय भिजत नाहीत. मुकादमीणबाई, आमका जागा आसा काय, असं विचारते. ती हसून सरकते. आता आम्ही एसटीच्या सीटवर आहोत आणि गाडी कुठेच जात नाही.

मी लताचं सांगते. मॅनेजर कोण, ती विचारते. तोच, म्हणते मी.

"पगार वाढतलो," ती म्हणते. "पण जेवताना बाजूक कोण नसतला."

"मग नको म्हणून सांगू?"

"तिका सांग, आधी त्याका इचार, मूठ सारूक देतलस काय. नाय म्हणालो तर उठून ये. मी इचारूक नाय."

माझे हात ओढून घेऊन ती त्यांना खोबरेल चोळत राहते.

लता चहा घेऊन उठवतेय. कप देताना तिची बोटं माझ्या तळव्यावरून घसरतात.

"आई, हाताक काय लावलात? घरातला तेल कधीचा संपला."

मी मॅनेजरला काय विचारायचं तेवढं सांगते. ती पदरानं माझे हात पुसते.

"इचारतंय," ती म्हणते.

शेवंती मेस्त्री, आमची मुकादम, या दुपारच्या आधीच, त्याच वर्षी शिमग्याच्या आधी तापानं वारली होती.