ताईचं नाक

नाकाडोळ्यांची ऑपरेशनं करणाऱ्या त्या दवाखान्यात बाईंना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे मुखवटेबाई म्हणत. ऑपरेशनआधी माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं आणि निघालेला चेहरा फळीवर मांडायचा, हे त्यांचं काम. भुवयांना व्हॅसलिन, नाकपुड्यांत नळ्या आणि वरून गार लगदा. "मेल्यासारखं पडा असं मी म्हणत नाही, पण साधारण तसंच," असं त्या सांगत. माणूस हसला की साचा बिघडे, मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची थोरली लेक, जिला घरात सगळेच ताई म्हणायचे, कॉलेजात असताना तापाने गेली. धाकटी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. पुढे धाकटी वयात आली आणि ताईचं नाक तिच्या चेहऱ्यावर उगवलं. शेंडा तोच, जरासा खाली झुकलेला, सतत काहीतरी हुंगत असल्यासारखा. भाजी चिरता चिरता बाई तिलाच ताई म्हणून हाक मारत आणि जीभ चावत. तिचे बाबा तर जीभही चावत नसत. धाकटी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

नोकरी लागली तशी ती आईच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन बसली. नाक बदलायचं म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं.

"घरात मी आले की कोणीतरी दुसरंच आल्यासारखं बघतात. मला माझं तोंड पाहिजे."

बाई शेजारीच होत्या. डॉक्टरांनी दोन पद्धती समजावून सांगितल्या. एक बंद. सगळं काम नाकपुडीच्या आतून, बाहेर खूण राहत नाही, सूज लवकर उतरते. पण आतलं नीट दिसत नाही, बोटांच्या अंदाजावर चालायचं. दुसरी उघडी. दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर बारीक छेद घ्यायचा आणि कातडी वर उचलायची, म्हणजे आतलं कडक हाड नि कूर्चा, ते मऊ हाड, समोर दिसतं. मग शेंडा हवा तसा घडवता येतो, मात्र सूज पुष्कळ दिवस रेंगाळते. धाकटी लहानपणी सायकलवरून पडली होती, त्याचा उंचवटा नाकाच्या मधोमध राहिला होता. तेवढाच घासायचा तर बंद पद्धतीने भागेल, शेंडा बदलायचा तर उघडी, दोघी मिळून ठरवा, असं म्हणून डॉक्टर उठले.

बाईंच्या मनात एकच आलं. शेंडा गेला म्हणजे ताई गेली, दुसऱ्यांदा.

दुपारी त्यांनी धाकटीला साच्यांच्या खोलीत नेलं. उघड्या पद्धतीचे कितीतरी चेहरे तिथे होते, आणि बहुतेकांची खूण शोधूनही सापडली नसती. बाईंनी नेमका एकच काढला. त्या माणसाची जखम चिघळली होती, नाकपुड्यांमधल्या पट्टीवर खाच राहिली होती. धाकटीने त्या खाचेवरून बोट फिरवलं.

"असं होतं?"

"होतं कधीकधी," बाई म्हणाल्या. "उंचवटा गेला तरी पुष्कळ फरक पडेल बघ."

त्याच फळीवर, मागच्या रांगेत, ताई होती. बाई हे काम शिकत असताना सरावासाठी ताईच आडवी पडली होती आणि हसून हसून तीन साचे वाया घालवले होते. घरातले फोटो सगळे समोरून काढलेले. ताईचं नाक बाजूने कसं होतं, ते या चेहऱ्यावाचून कुठेच उरलेलं नव्हतं. ते सरळ होतं. उंचवटा होता तो एकट्या धाकटीचा, तो गेला की बाजूनेही ताईच उरणार. बाईंना हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांनी त्या विचाराकडे पाठ फिरवली.

धाकटीने बंद पद्धत निवडली.

ऑपरेशननंतर नाकावरचं बँडेज निघालं तेव्हा सगळाच चेहरा सुजलेला. डोळ्यांखाली काळंनिळं, कोणाचंच तोंड वाटेना. बाईंना मनातून सुटल्यासारखं वाटलं. मग सूज उतरायला लागली, आणि सुजेखालून रोज थोडी थोडी ताई वर येऊ लागली. खिडकीशी केस विंचरताना, दारात चपला घालताना, बाजूने बघावं तर तीच. बाईंना वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. झालं उलटंच. लेक पाणी द्यायला आली तरी त्या भिंतीकडे बघून पेला घेऊ लागल्या.

एका रविवारी बाबा बाहेरून आले. धाकटी त्यांच्याकडे बाजू करून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा उंबऱ्यातच थबकले, पिशवी हातातून सुटली. "ताई, कधी आलीस गं?" एवढं बोलून ते तिथेच खाली बसले आणि रडू लागले.

धाकटी त्यांच्याजवळ गेली नाही. ती आईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण तो चेहरा समोर असताना जीभ वळेना.

"होतं," त्या म्हणाल्या.

धाकटीने हातातली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली. "डॉक्टरांना विचारून आलेय मी. दुसऱ्यांदा करायचं तर वर्षभर थांबावं लागतं. या खेपेला उघडून करणार आहेत. शेंडाही." मग ती आईच्या अगदी समोर येऊन बसली. "तोवर इथेच आहे ती. बघायचं तेवढं बघून घे."

बाईंनी मान डोलावली. पण डोळे काही वर उचलवेनात.