संजेचा अर्धा कोट

पितृपक्ष लागला की शेजारच्या भिंतीकडून ताज्या शेणाचा आणि गुलबक्षीचा वास येतो. माझ्या फडताळात अर्धी भरलेली चोळी, अर्धं मण्यांचं तोरण आणि ओव्यांची निम्मी कोरी वही पडून आहे. चाळिशी उलटली. हे पुरं कधी होणार, या धास्तीनं जीव थोडा थोडा होतो.

दुसरीतून शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी मी कऱ्हाडाहून माळव्यात देवासला सून होऊन आले. पहिल्याच पितृपक्षात शेजारच्या मुली भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे तिकडच्या देवीचं चित्र, मांडत होत्या. मीही बसले. देवीभोवती तटबंदीसारखा शेणाचा कोट, त्यावर पाकळ्या. हात कसा भराभर चालला होता! तेवढ्यात एक ओरडली, "अरे, या तो परणेली हे! संजा तो कुंवारी छोरी मांडे!"

लग्न झालेलीनं मांडली, आता नवऱ्यावर संकट आलं तर? शेणाच्या हातांनीच मी आत पळाले आणि सासूबाईंपुढे रडू लागले. त्या हसल्या. "अगो, आपल्या मुलखात कुठं असते संजा? तुला काय ठाऊक! जा, कोट पुरा करून ये. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

त्या माउलीचे उपकार विसरणार नाही. ते ऐकून बाहेरच्या मुलीही हाका मारू लागल्या, "भाभी, आव नी!" मी उंबऱ्यापर्यंत गेले, थबकले, आणि परत फिरून हात धुऊन टाकले.

संसारानं सवड दिली नाही, असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी सवड मिळाली होती. हात मीच धुतले.