झऱ्याभोवती खडूचा गोल

आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा भरवसा फक्त पाण्याच्या टबावर. ट्यूब बुडवायची, दाबायची आणि बुडबुडा आला की तिथं खडूनं गोल काढायचा. माणसांनाही तो तसाच बुडवून बघतो, मग ती सासरची का असेनात.

यंदा त्याच्या मेहुण्यानं टूम काढली, दोघांनी मिळून वाळवंटातला सगळ्यात उंच डोंगर चढायचा.

“भर उन्हाळ्यात?” पंक्चरवाल्यानं डोळे बारीक केले.

“गर्दी नसते, दाजी.”

“सरडेसुद्धा नसतात.”

मेहुण्यानं पाण्यासाठी दोन नव्या रबरी पिशव्या आणल्या होत्या. पंक्चरवाल्यानं त्या फुगवून टबात दाबल्या. एकही बुडबुडा नाही. त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं मेहुण्याकडं रोखून पाहिलं.

“अहो, माझा भाऊ आहे तो, ट्यूब नाही,” बायको हसत म्हणाली.

“पण एवढंच पाणी पुरणार कसं?” पंक्चरवाल्यानं विचारलं.

“अर्ध्या वाटेवर झरा आहे, तिथं भरून घेऊ,” मेहुणा नकाशा उघडून म्हणाला.

“तू पाहिलास?”

“मित्रानं पाहिलाय.”

“कधी?”

मेहुणा नकाशाच्या घड्या घालू लागला. “तो... थंडीत गेला होता.”

“आला बुडबुडा!” पंक्चरवाल्यानं नकाशा ओढला आणि झऱ्याभोवती खडूनं गोल काढला. “हा आटलेला निघाला तर तहानेनं तिथंच आडवे होऊ दोघं.”

बायकोचं हसू मावळलं. तिनं पिशव्या उचलून खिळ्याला टांगल्या.

“मग थंडीत जाऊ, दाजी?”

“जाऊ की. आधी तुझ्या त्या मित्राला घेऊन ये. टब भरलेलाच आहे.”