मास्तरांचा लोखंडी माणूस

विश्वनाथराव मास्तर माझ्या सायकलदुकानात पहिल्यांदा आले, ते सायकल घ्यायला नव्हे. निजामाचा अंमल सरून फार दिवस झाले नव्हते आणि मास्तर धाराशिवच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला नवे होते. म्हणाले, "मोडकं काय आहे तुमच्याकडं?"

"मास्तर, इथं धडकं काय आहे? दुकानदारासकट समदं मोडकंच."

ते हसले आणि एक जुनी साखळी, दोन घंट्या उपरण्यात बांधून घेऊन गेले. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तर ती साखळीच आधी आठवते.

मी उर्दूत चार बुके शिकलेला. मराठी अक्षराचे वळण मास्तरांनीच लावले. संध्याकाळी दुकानाच्या फळीवर खडूने गिरवून घेत. लेख वाकडा वाटला तर दोष माझ्या हाताचा, सरळ वाटला तर श्रेय त्यांचे.

त्या साखळीतून नगरपालिकेच्या बागेत यंत्राचा माणूस उभा राहिला. इंजिनाच्या टाकीचे पोट, घमेल्याचे डोके, डोळ्यांच्या जागी माझ्या घंट्या. पाठीमागची मूठ फिरवली की उजवा हात कपाळाशी नेऊन रामराम करायचा. "आपण लहानमोठा बघून हात उचलतो. ह्याला तेवढी अक्कल नको," मास्तर म्हणत. बागेची झाडलोट करणाऱ्या गयाबाईंना देवळाच्या पायरीवर कुणी उभे करत नसे. लोखंडी माणसाच्या साखळीला रोज तेल त्याच घालीत.

पुढे येरमाळ्याच्या यात्रेहून परतणाऱ्या कुणा माउलीने त्याला कुंकू लावले. मग नारळ फुटले, शेंदूर चढला. शेंदराने साखळी आवळली आणि हात अर्ध्यावरच अडकला. झाले! देव आशीर्वाद देतोय, अशी हाकाटी झाली. पेठेतले दुकानदार काकासाहेब, त्यांनी भोवती दोरी बांधली, देऊळ बांधण्याच्या गोष्टी निघाल्या. गयाबाईंना निरोप आला, आता लांबून झाडायचे.

गयाबाई मास्तरांना एवढेच म्हणाल्या, "देव झाला अन् परका झाला की हो."

मी म्हणालो, "दोरी कापू का?"

"दोरीबरोबर माणसं तुटतील. खंडेनवमी येऊ द्या," मास्तर म्हणाले.

हत्यारे पुजण्याच्या त्या दिवशी मास्तर रॉकेल आणि चिंधी घेऊन बागेत गेले. काकासाहेब कडाडले, "मास्तर, देवाला रॉकेल?"

"आज दुकानात तराजू पुजला ना?"

"पुजला की."

"मग त्याला आता वर्षभर हात लावणार न्हाय?"

"वा! मग तोलू कशानं?"

"हाही तसाच. आज पुजू. मग रोज हात लागला पाहिजे, न्हाय तर गंजतो."

मास्तरांनी साखळी निर्मळ पुसली आणि म्हणाले, "गयाबाई, तेल तुमच्या हातचं. मूठबी तुमीच फिरवा."

गयाबाई दोरीपाशी थबकल्या. काकासाहेबांकडे पाहिले, मग वाकून आत गेल्या. मूठ करकरली. अडकलेला हात हळूहळू वर चढून कपाळाला टेकला, नेमका काकासाहेबांसमोर. जन्माची सवय, त्यांचाही हात वर गेला. "रामराम," ते म्हणाले. लोखंडाला की मूठ धरलेल्या बाईला, ते त्यांचे त्यांना ठाऊक. दोरी मात्र त्यांनीच सोडली.

आजही त्याला वर्षातला एक दिवस हळदकुंकू, बाकी वर्षभर ज्याचा हात त्याचा रामराम.

मास्तर, आता तुमचेही गुडघे त्याच्यासारखे करकरतात. ते चालते राहोत, तुम्ही निरोगी शंभरी पाहावी, हीच आम्हा सर्वांची इच्छा. तेलाची काळजी करू नका. गयाबाई आहेत.