नानांच्या गाडीची पीयूसी

गाडी पीयूसीत नापास झाली तेव्हा मी आधी मशीनवाल्यालाच झापलं. आमची गाडी निघते ती रविवारी, इंदिरानगरहून नाशिक रोडला नानांच्या जुन्या दोस्तांकडे, आणि तिथून परत. एवढीशी फिरणारी गाडी धूर ओकेलच कशी? त्याने मुकाट्याने सायलेन्सरमध्ये पुन्हा नळी घातली. पुन्हा नापास.

नाना म्हणजे माझे वडील. देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून त्यांनी ही गाडी जुनीच घेतली होती. डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं, तरी किल्ली मात्र त्यांच्याच खिशात. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पीयूसी नाही तर नोंदणी वाढणार नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी भंगारात. भाऊ फोनवर म्हणालाच, काढून टाका एकदाची. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. मग मीही हट्टाला पेटले. पास करून दाखवतेच म्हटलं.

मेकॅनिक म्हणाला, प्लग गेलेत. प्लग बदलले, नापास. मग म्हणाला, एअर फिल्टर. तोही बदलला, तर धूर उलट वाढला! शेजारचे काका म्हणे पेट्रोलमध्येच भेसळ, भाऊ म्हणे इंजिन संपलं, पीयूसीवाला म्हणे दुसरीकडे दाखवून बघा. जो तो छातीठोकपणे सांगणार, आणि मला कशाचा पत्ता नाही. नवीन सामान घालावं तशी गाडी जास्तच बिघडते, हे काय गौडबंगाल? माझं डोकं पार चक्रावलं.

त्यातच तळमजल्यावरच्या ताईंनी मला जिन्यात अडवलं. तुमच्या गाडीच्या धुराने रोज सकाळी माझं स्वयंपाकघर भरतं म्हणाल्या. रोज? मी म्हटलं, ताई, ती दुसऱ्या कोणाची असेल, आमची रविवारीच निघते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बाईला वेड लागलंय का, असं मला वाटलं. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

पण त्यांचं ते 'रोज' काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी नाना नेहमीप्रमाणे दूध आणायला निघाले, तशी मी मागोमाग खाली उतरले. गाडी जागच्या जागी चालू होती. आत नाना, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर पार्किंगची भिंत. मला बघून ते दचकले. बॅटरी उतरू नये म्हणून रोज थोडी चालू ठेवतो, म्हणाले. नापास झाल्यापासून जरा जास्त वेळ ठेवतो, म्हणजे इंजिन मोकळं होईल.

मी कपाळावर हात मारून घेतला. रागवावं की हसावं, काही कळेना. मेकॅनिकला सांगितलं तर तो म्हणतो, तरीच! उभ्या उभ्या चालवली की काजळी धरणारच. जसं काही पठ्ठ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याने प्लग साफ करून दिले आणि सांगितलं, लांब पळवून आणा, गरम आहे तोवर पीयूसीला न्या.

नानांना शेजारी बसवून मी थेट देवळ्यापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले. हायवेला गाडी काय पळाली म्हणून सांगू! एखादा कांद्याचा ट्रॅक्टर मागे पडला की नाना खुदकन हसायचे. नाशकात शिरल्यावर गाडी सरळ पीयूसीवाल्यासमोर उभी केली. पास. मला चक्क रडू आलं. नानांनी तो कागद जवळ धरून, लांब धरून बघितला आणि घडी करून खिशात ठेवला.

घराकडे निघालो, तर इंदिरानगरच्या हायवेखालच्या बोगद्यापाशी नेहमीसारखी गर्दी तुंबलेली. थांबलोच होतो, म्हणून मी बजावलं, नाना, आता सकाळी गाडी अजिबात चालू करायची नाही बरं का. त्यांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि बाहेर बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग सकाळी मी काय करू गं?"

पुढची रिक्षा सुटली. मागून हॉर्न वाजायला लागले, तरी मला गिअर टाकायचं सुचेना.