भावानं मुलगी पसंत केली

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा असताना आमच्या थोरल्या काकांनी त्याच्यासाठी स्थळ आणलं. भाऊ कागदोपत्री बौद्धिक दिव्यांग, आमच्या शिवाजी पेठेतल्या लोकांच्या तोंडी 'जरा कमी'. त्याला वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही. पण कसबा बावड्याच्या कार्यशाळेत तो एकटा बसनं जातो आणि दिवसभर कागदी पिशव्या चिकटवतो.

"गरिबाघरची पोरगी हाय, शानी हाय. ह्याचं सगळं करंल," काका म्हणाले.

आईनं विचारलं, "ह्याचं असं आहे, ते सांगितलंय त्यांना?"

"आधी कशाला सांगायचं? लगीन झाल्यावर कळंलच की."

आईनं नकार दिला. नातेवाइकांत काका मोठ्या मनाचे ठरले आणि आई हट्टी.

दोन वर्षांनी भाऊ मला म्हणाला, "अक्का, मी लगीन करणार हाय."

मुलगी उचगावची, त्याच्याच कार्यशाळेतली. तिचंही त्याच्यासारखंच. बोलताना अडखळते, पण घड्याळ बघता येतं. तो पिशव्या चिकटवायचा, ती मोजून गठ्ठे बांधायची. पाच वर्षं शेजारी बसत होती दोघं. आम्हाला पत्ता नाही, कारण त्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

लगेच बैठक बसली. एका मुलीला अंधारात ठेवून बोहल्यावर चढवायला निघालेल्या लोकांना एकाएकी कायदा, विज्ञान आणि पुढच्या सात पिढ्या आठवल्या. मीही कमी नाही. शाळेत शिकवते, त्यामुळं परीक्षा घ्यायची सवय.

"लग्न म्हणजे काय, कळतं का तुला?" मी विचारलं.

माझ्या लग्नात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी नापास झाले असते.

भावानं बराच विचार केला. "ती मला घाई करत न्हाय," म्हणाला.

माझी परीक्षा तिथंच संपली. काकांची थोडीच संपणार!

"संसार म्हंजे खेळ न्हवं. सैपाक कोण करणार?"

"मी भात लावतो. ती आमटी करती. तुमी काय करता?"

काकांनी जन्मात स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवलेला नाही. काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

मग मुलाबाळांचा विषय निघाला. आम्ही दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि अर्धा तास त्या दोघांशीच बोलल्या. दोघं बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय ठरलं?"

"आमचं हाय ते," भाऊ म्हणाला.

माझा इतका अपमान बऱ्याच दिवसांत कुणी केला नव्हता, आणि इतका रास्तही.

लग्न उचगावातच झालं. काका फेटा बांधून पहिल्या रांगेत. जिलेबी तीनदा वाढून घेतली आणि पावण्यांना सांगत सुटले, "पोराचं लगीन व्हायला पायजे, हे मी पयल्यापास्नं म्हणत हुतो."

दोघं आता आमच्या वरच्या खोलीत राहतात. मागच्या आठवड्यात त्यांचं कशावरून तरी वाजलं. तिनं आतून कडी घातली आणि हा जिन्यात फुगून बसला. मी समजूत घालायला वर गेले, दार वाजवलं.

आतून ती आणि बाहेरून हा, दोघं एकदमच ओरडले, "अक्का, तू खाली जा!"