पानिपतचा दोर, नोएडाची काच

दादा गेल्यावर वहिनीने बाल्कनीतली चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, खाली सोडली, ती वर केलीच नाही. हॉलमध्ये दुपारीसुद्धा दिवा लागायचा. तिच्या दुःखाची ती तऱ्हा असेल असं समजून मी काही विचारलं नाही. दिवाळीनंतर एकदा तीच म्हणाली, "अगं शुभा, पक्षी आपटतात गं."

बाल्कनीच्या दाराची काच मोठी आणि समोर बागेतला पिंपळ. पिंपळ काचेत दिसतो आणि तांबट, बुलबुल त्यातच शिरायला जातात. पूर्वी दादा पडलेल्या पक्ष्याला बुटांच्या खोक्यात ठेवायचा, सावरला की सोडायचा. काही सावरायचे नाहीत. ते एकटीने उचलणं वहिनीला जमेना. आम्ही काचेवर ससाण्याचं स्टिकर लावून चिक वर केली, तर एक तांबट स्टिकरच्या शेजारीच आपटला. चिक पुन्हा खाली.

"मला उजेड हवा म्हणून त्यांचा जीव नको," ती म्हणाली.

मग मी थोडं वाचलं. काचेवर चार-चार बोटांच्या अंतराने उभे दोर सोडले की पक्ष्यांना तिथून वाट आहे असं वाटत नाही. दोर नोएडातही मिळाला असता. पण वहिनी म्हणाली, "पानिपतला जाऊ या. गाडीही उभी राहून राहून गंजेल." ती आपणहून बाहेर पडायचं म्हणत होती, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

शनिवारी तिने मला गाझियाबादहून घेतलं. आमच्या बाजूने जाणाऱ्यांनी दिल्लीत शिरूच नये. पेरिफेरल एक्स्प्रेसवेने कुंडलीला निघावं, पुढे सरळ हायवे आहे. थंडीत मात्र धुकं विरल्यावर निघा. मुरथलला पराठे खाल्ले. एकेक पुरतो, आणि पांढरं लोणी न मागताच येतं.

"एवढं लोणी घेतलेलं बघून तुझा भाऊ बोलला असता," वहिनी म्हणाली.

"स्वतः तीन पराठे खायचा तो."

"तेच तर! खायचा तीन आणि बोलायचा मला." ती हसली. तिचं हसू मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

पानिपतच्या बाजारात गाडी नेऊ नका, बाहेर लावून ई-रिक्षा करा. दोन्ही बाजूंना चादरी, सतरंज्या आणि ब्लँकेटांच्या थप्प्या असतात. दोराच्या दुकानात आमचं मराठी ऐकून मालकाने विचारलं, "महाराष्ट्र से हो? काला अंब देख लिया?" म्हणजे १७६१च्या लढाईचं स्मारक.

वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "तुझ्या भावाने पुण्याच्या एकूण एक पाहुण्याला तिथे नेऊन उभं केलंय. दर वेळी आपण हरतोच. आज नको."

खिडकीला दोर लावायचा म्हटल्यावर मालकाला आमची कीव आली. "बहनजी, परदा ले जाओ. ऐसा मोटा दूँगा, सूरज भी नहीं घुसेगा."

"भैया, सूरज ही तो चाहिए," वहिनी म्हणाली.

सुती दोर पावसात कुजतो, म्हणून नायलॉनचा पांढरा घेतला. तो किलोवर मिळतो आणि नोएडापेक्षा स्वस्त पडतो. टोल आणि पेट्रोल धरलं तर बचत काही नाही, पण दिवस छान जातो.

रविवारी आम्ही चिक वर गुंडाळली आणि दोर आतून, पडद्याच्या दांडीला बांधले. बाहेरून वाईट दिसतील असं वहिनीचं म्हणणं. तासाभरात टप्प आवाज झाला. एक बुलबुल बाल्कनीत चोच उघडी टाकून पडला होता. मी खोकं शोधायला आत गेले. परत आले तेव्हा वहिनीने त्याला दोन्ही हातांत उचलून घेतलं होतं. "केवढासा आहे गं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने तो उडाला.

तेव्हा आमची चूक लक्षात आली. पिंपळ दिसतो काचेच्या बाहेरच्या बाजूला, तिथे आतल्या दोरांचा काय उपयोग? चिक काढून टाकली आणि तिच्याच जागी सगळे दोर पुन्हा बांधले. खालून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "मॅडम, ये क्या नूडल्स लटका दिए?"

"भूख लगे तो आ जाइए!" वहिनीने वरून सांगितलं.

याला दीड महिना झाला. पक्षी काचेच्या दिशेने येतात, दोरांपाशी वळतात आणि पिंपळावर जाऊन बसतात. अजून तरी एकही आपटलेला नाही. आम्ही पानिपत धड पाहिलं नाही, ब्लँकेटही आणलं नाही, तरी माझ्या लेखी ही सहल चांगली झाली.

मागच्या रविवारी गेले, तर हॉलमध्ये ऊन पार सोफ्यापर्यंत आलं होतं. दादाच्या पुस्तकांच्या कपाटावरची धूळ लांबून दिसत होती.

"बघ, उजेड आला आणि काम वाढलं," वहिनी कुरकुरत कपाट पुसत होती. मी पर्स ठेवली आणि दुसरं फडकं घेतलं.